पॅपचा रिपोर्ट आला, आता पुढे काय? गर्भाशयमुखाची तपासणी आणि नंतरचा पाठपुरावा

मी सायटोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. काचपट्टीवर पसरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, शंका आली तिथे शाईचा टिपका ठेवायचा आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांपुढे सरकवायची, हे रोजचं काम. पूर्वी एका लॅबमध्ये काउंटरच्या खालच्या खणात न नेलेले रिपोर्ट साठत. एकदा तो खण आवरताना एक पाकीट हाती आलं. आत ‘एचएसआयएल’, म्हणजे पेशींत कॅन्सरपूर्वीचे गंभीर बदल, असं लिहिलेला रिपोर्ट, सात महिन्यांपूर्वीचा. त्या स्लाइडवरचा टिपका मीच ठेवला होता.

पाकिटावरचा नंबर बंद होता. फॉर्मवर दुसरा नंबर मिळाला, त्यावर बाई भेटल्या. ‘मला तर काहीच त्रास नव्हता. आणि कुणी बोलावलंही नाही, म्हणून वाटलं सगळं ठीक असेल,’ असं त्या म्हणाल्या. पुढे त्यांची कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी, झाली, उपचार झाले, आज त्या बऱ्या आहेत. पण ते सात महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. तपासणी करून घेतली की काम झालं असं आपण धरून चालतो. खरं काम रिपोर्टच्या दिवशी सुरू होतं, आणि बायका निसटतात त्या बहुतेक तिथूनच पुढे. म्हणून या लेखात तपासणीपेक्षा तिच्यानंतरच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

तपासणी कशाची असते

गर्भाशयाचं तोंड, म्हणजे बोलीत पिशवीचं तोंड, योनीत खाली उघडतं. त्याच्या बाहेरच्या अंगावर चपट्या पेशींचे थरावर थर असतात. आतल्या नळीत चिकट स्राव करणाऱ्या उभट पेशींचा एकच थर असतो. हे दोन प्रकार जिथे मिळतात ती सीमा एका जागी राहत नाही. वयात येताना, गरोदरपणात ती बाहेर येते, पाळी थांबल्यावर नळीत आत जाते. सीमेच्या या ये-जा करण्याच्या पट्ट्याला ट्रान्सफॉर्मेशन झोन म्हणतात. तिथल्या पेशी सतत रूप बदलत असतात, आणि विषाणूला नेमकी तीच जागा सोयीची असते.

तो विषाणू म्हणजे एचपीव्ही, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत, त्यांतले चौदाएक धोक्याचे. त्यातही १६ आणि १८ या दोन क्रमांकांवर गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरची जबाबदारी जाते. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार गाठींमधून शोधून काढले आणि २००८ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं.

लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधीतरी लागतोच. दहापैकी साधारण नऊ जणींत शरीर दोन वर्षांच्या आत त्याला आपणहून आवरतं. ज्या थोड्या जणींत तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, त्यांच्या पेशी बदलू लागतात. त्या बदलांपासून कॅन्सर व्हायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती फार कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार चालू नसतील, तर ५ ते १० वर्षं. मधल्या या लांबलचक काळात काहीही दुखत-खुपत नाही. तपासणीला जी संधी मिळते ती याच काळात.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण काउंटरवर दबक्या आवाजात हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो. एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणजे नवऱ्याने किंवा बायकोने बाहेर काही केलं, असा अर्थ होत नाही. विषाणू वर्षानुवर्षं सुप्त राहून पुन्हा डोकं वर काढू शकतो. तो कधी आला, कुणाकडून आला हे कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही. या रिपोर्टवरून घरात भांडणं झालेली मी ऐकली आहेत, आणि त्या भांडणांना वैद्यकीय आधार काहीच नव्हता.

कोणती टेस्ट, कधीपासून, किती दिवसांनी

तीन प्रकार चालतात. पहिली पॅप टेस्ट. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी १९२८ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा कुणी फार लक्ष दिलं नाही. १९४३ मध्ये त्यांचं आणि हर्बर्ट ट्राउट यांचं पुस्तक आल्यावर ती जगभर गेली. यात पेशी खरवडून काढतात आणि माझ्यासारखं कुणीतरी त्या बघतं. दुसरी एचपीव्ही टेस्ट, जी नमुन्यात धोक्याच्या प्रकारांचा डीएनए आहे का ते यंत्रावर शोधते. तिसरी व्हीआयए: गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. ही स्वस्त आहे आणि निकाल जागच्या जागी देते, पण बघणाऱ्याच्या नजरेवर फार अवलंबून असते. पाळी थांबून काही वर्षं झालेल्या बाईत तो पट्टाच आत गेलेला असल्याने तिथे व्हीआयए भरवशाची नाही.

माझं पोट पॅपवर चालतं, तरी निवड असेल तर एचपीव्ही टेस्ट घ्या असंच मी म्हणेन. एका पॅपमध्ये गंभीर बदलही निसटू शकतात: नमुना नीट न आल्याने, पेशी रक्ताखाली झाकल्याने, आणि कधी बघणाऱ्याचे डोळे थकल्याने. दर तीन वर्षांनी पॅप होत राहिली तर एकदा निसटलेलं पुढच्या खेपेला सापडतं, एकदाच केली तर नाही. एचपीव्ही टेस्ट मात्र फारच कमी जणींना सोडते, आणि ती निगेटिव्ह आली की पाच वर्षं निर्धास्त राहता येतं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवरचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात पुढे गेलेले कॅन्सर आणि त्यामुळे होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तेवढा फरक दिसला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही टेस्टलाच पहिली पसंती दिली: वयाच्या तिसाव्या वर्षापासून, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असेल तर पंचविसाव्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी. पॅप किंवा व्हीआयएच उपलब्ध असेल तर दर तीन वर्षांनी. काही देश २१ किंवा २५ पासून सुरुवात करतात. त्याहून लहान वयात टेस्ट करण्यात शहाणपण नाही. त्या वयात विषाणू खूप जणींना असतो आणि जातोही, हाती उरते ती काळजी आणि कधी कधी नको तो उपचार. आणि आयुष्यात फार वेळा जमणार नसेल, तर निदान पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा कराच.

एचपीव्हीची लस घेतलेल्यांनीही तपासणी सोडायची नाही. लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही आणि आधीच शिरलेल्या विषाणूला हटवत नाही.

मात्र संबंधानंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची थांबल्यावर अंगावरून रक्त जात असेल, घाण वासाचं पाणी जात असेल, तर ‘गेल्या वर्षी पॅप नॉर्मल होती’ म्हणून घरी बसू नका. स्क्रीनिंग त्रास नसलेल्यांसाठी असतं. त्रास असणाऱ्या बाईला डॉक्टरांनी आतून प्रत्यक्ष बघायला हवं, आणि दिसणाऱ्या गाठीचा तुकडा काढायला हवा, मागचा रिपोर्ट काहीही असो.

जाण्याच्या आधी आणि टेबलावर

पाळी जोरात चालू असताना पॅप करू नये. पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या ते विसाव्या दिवसांत जमलं तर उत्तम. आधीचे दोन दिवस संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, मलम, आतून धुणं हे सगळं टाळा. मलमाचा थर नमुन्यात आला की आम्हाला पेशींऐवजी निळसर गिलावा दिसतो. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील आणि तपासणी दुखत असेल, तर डॉक्टर आधी काही दिवस इस्ट्रोजेनचं मलम देऊ शकतात; तसं विचारा. कधीच संबंध आलेला नसेल तर तेही आधी सांगा, कारण धोका फारच कमी असतो आणि टेस्टची गरज आहे का हे ठरवता येतं.

टेबलावरचा भाग दोन-तीन मिनिटांचा. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं साधन, घालून तोंड दिसतं करतात आणि छोटा ब्रश तिथे टेकवून फिरवतात. ओढल्यासारखं वाटतं, थोडा रक्ताचा डाग पडू शकतो. ब्रश बाटलीतल्या द्रवात बुडवला तर प्रश्न नाही. पण काचेवर पसरवत असतील तर ती काच लगेच अल्कोहोलमध्ये जायला हवी. अर्धा मिनिट जरी हवेत राहिली तरी पेशी सुकून फुगतात, केंद्रकं पसरट आणि फिकट होतात, आणि मग चांगली पेशीही वाईट दिसते, वाईटही चांगली वाटते. अशा स्लाइडवर मी कितीदा कपाळाला हात लावला असेल.

एचपीव्ही टेस्टसाठी स्वतःचा नमुना स्वतः घेण्याची सोयही आता बऱ्याच ठिकाणी आहे. किटमधला मऊ बोळा योनीत काही सेंटिमीटर आत सरकवायचा, सूचनेत दिलेले सेकंद गोल फिरवायचा आणि नळीत बंद करायचा. गर्भाशयमुख शोधावं लागत नाही. पीसीआर पद्धतीची (विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती करून शोधणारी) टेस्ट असेल तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीस तोड ठरतो. लाजेपायी, भीतीपायी वर्षानुवर्षं टाळणाऱ्यांना ही वाट फार चांगली आहे. एवढंच, की या नमुन्यातून पॅप होत नाही, म्हणून पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टरांकडे जाणं आलंच.

निघताना काउंटरवर तीन गोष्टी विचारून वहीत लिहा. रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल? कोण कळवणार, की मीच यायचं? रिपोर्ट घेऊन कोणत्या डॉक्टरांना भेटायचं? आणि फॉर्मवर स्वतःचा, चालू असलेला नंबर द्या. कळवलं नाही म्हणजे नॉर्मल आहे, असं कधीही धरू नका.

रिपोर्ट वाचायचा कसा

पॅपचे रिपोर्ट ‘बेथेस्डा’ पद्धतीच्या भाषेत लिहिले जातात. ही पद्धत १९८८ मध्ये ठरली, २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. सगळ्यात आधी नमुना पुरेसा आहे की नाही ती ओळ वाचा. ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ असेल तर तो नॉर्मल रिपोर्ट नव्हे. दोन ते चार महिन्यांत टेस्ट पुन्हा करायची.

‘एनआयएलएम’ म्हणजे पूर्वकर्करोगाचे बदल दिसले नाहीत. त्याखाली बऱ्याचदा ‘इन्फ्लमेशन’ लिहिलेलं असतं आणि ते वाचून बायका हादरतात. सूज म्हणजे कॅन्सर नव्हे. बुरशी किंवा ट्रायकोमोनास (एक सूक्ष्म परजीवी) लिहिलं असेल तर त्याचं औषध डॉक्टरांना विचारून घ्या.

‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या आहेत, पण कशामुळे ते सांगता येत नाही. हा आमच्या अनिश्चिततेचा शिक्का आहे, बदललेल्या रिपोर्टांत सर्वांत जास्त हाच येतो. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, थोडक्यात विषाणू सध्या कामाला लागल्याची खूण. त्यातली पेशी ओळखायला मजा येते: केंद्रक मनुक्यासारखं सुरकुतलेलं आणि त्याच्याभोवती स्वच्छ मोकळं कडं. ‘एचएसआयएल’मध्ये पेशी लहान होते, केंद्रक गडद होऊन जवळजवळ सगळी पेशी व्यापतं, त्याची कड खाचाखोचांची होते. ‘एएससी-एच’ म्हणजे एचएसआयएल असेल अशी शंका. ‘एजीसी’ म्हणजे आतल्या नळीच्या किंवा गर्भाशयाच्या ग्रंथींच्या पेशी वेगळ्या दिसल्या. हा रिपोर्ट कमी येतो, पण हलका घ्यायचा नाही. ‘एआयएस’ म्हणजे ग्रंथींच्या पेशींतला पूर्वकर्करोग.

यांतलं काहीही म्हणजे निदान नव्हे. पॅप सुटलेल्या पेशी दाखवते. त्या जिथून आल्या तिथे काय चाललंय हे बायॉप्सी, म्हणजे तिथला तुकडा काढून केलेली तपासणी, सांगते.

कोणत्या रिपोर्टनंतर कुठे जायचं

देशादेशांच्या नियमांत थोडा फरक आहे, आणि मागचे रिपोर्ट चांगले असतील तर डॉक्टर काही वेळा थांबायला सांगू शकतात. म्हणून जुनी फाइल सोबत न्या. ढोबळ रस्ता मात्र असा असतो.

एचपीव्ही निगेटिव्ह: पाच वर्षांनी पुन्हा.

एचपीव्ही १६ किंवा १८ पॉझिटिव्ह: सरळ कॉल्पोस्कोपी. सोबतची पॅप नॉर्मल असली तरीही. ‘पॅप तर चांगली आहे’ म्हणून इथे थांबणं ही मोठी चूक ठरते.

धोक्याचा दुसरा प्रकार पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल: एका वर्षाने टेस्ट पुन्हा. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर विषाणू टिकून आहे, कॉल्पोस्कोपी करायची.

एएससी-यूएस: त्याच नमुन्यावर एचपीव्ही टेस्ट करता येते का विचारा. निगेटिव्ह आली तर तीन वर्षांनी भेट, पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी. एचपीव्हीची सोय नसेल तर एका वर्षाने पॅप.

एलएसआयएल: सहसा कॉल्पोस्कोपी. पंचविशीच्या आतल्या मुलींत एएससी-यूएस आणि एलएसआयएल दोन्हींसाठी एका वर्षाने टेस्ट पुन्हा करणं पुरतं.

एएससी-एच किंवा एचएसआयएल: कॉल्पोस्कोपी, आणि लवकर. एचपीव्ही निगेटिव्ह आली तरी. ‘सूज आहे, गोळ्यांचा कोर्स करा, सहा महिन्यांनी पुन्हा पॅप बघू’ असा सल्ला या रिपोर्टवर मिळाला तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या. पुन्हा केलेली पॅप नॉर्मल आली तरी पहिली खोटी ठरत नाही.

एजीसी: कॉल्पोस्कोपी आणि नळीच्या आतला नमुना. वय ३५ किंवा जास्त असेल, किंवा अनियमित रक्तस्राव असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचाही तुकडा तपासतात. अस्तराची ही तपासणी राहून जाते, म्हणून स्वतः आठवण करा.

जिथे बाई पुन्हा येईल याची खात्री नसते, तिथे एचपीव्ही किंवा व्हीआयए पॉझिटिव्ह आल्यावर त्याच भेटीत उपचार करण्याची पद्धतही जागतिक आरोग्य संघटनेला मान्य आहे. तसं सुचवलं तर कुणी घाई करतंय असं समजू नका. फक्त कॅन्सरची शंका नाही ना, आणि डाग पूर्ण दिसतोय ना, हे विचारून घ्या.

कॉल्पोस्कोपीच्या खोलीत

नाव ऐकून ऑपरेशन वाटतं. प्रत्यक्षात ती बाहेर उभी केलेली दुर्बीण आहे, १९२५ मध्ये हान्स हिन्सेलमान यांनी आणलेली, आणि ती शरीरात जात नाही. आत जातो तो पॅपच्या वेळचाच स्पेक्युलम. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आधी ॲसेटिक ॲसिडचा बोळा. थंड लागतो, किंचित चुरचुरतं. मिनिटभरात बदललेला भाग पांढरा उठतो. तो किती दाट आहे, कडा किती ठळक आहेत, रक्तवाहिन्यांची नक्षी कशी आहे, हे डॉक्टर बघतात. मग बऱ्याचदा आयोडीन लावतात. निरोगी चपट्या पेशींत ग्लायकोजेन भरपूर असल्याने त्या गडद तपकिरी होतात, बदललेला भाग पिवळसर राहतो. स्क्रीन असेल तर तुम्हालाही दाखवायला सांगा. स्वतःचा डाग डोळ्यांनी बघितलेल्या बाया पुढच्या तारखा चुकवत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

डाग दिसला तर तांदळाच्या दाण्याएवढे दोन ते चार तुकडे घेतात. चिमटा बसतो, पाळीसारखी कळ येते. एखादीला भोवळही येते, म्हणून लगेच उठून चालू लागू नका. रक्त थांबवायला जे औषध लावतात त्यामुळे एक-दोन दिवस काळपट, चुऱ्यासारखं काहीतरी जातं. त्याने घाबरायचं कारण नाही. पॅडमागून पॅड भिजत असेल, ताप आला, घाण वास आला, तर मात्र लगेच फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर हे आत जाण्याआधीच सांगा. गरोदरपणात कॉल्पोस्कोपी सुरक्षित आहे. फक्त नळीच्या आतून खरवडत नाहीत, आणि कॅन्सरची शंका नसेल तर उपचार बाळंतपणानंतर करतात.

बाहेर पडण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘ट्रान्सफॉर्मेशन झोन पूर्ण दिसला का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर बायॉप्सी चांगली येऊनही प्रकरण मिटत नाही, कारण डाग नळीत वर असू शकतो. हे उत्तर फाइलवर लिहून घ्या.

बायॉप्सीचा आकडा

बायॉप्सीत ‘सीआयएन’, म्हणजे चपट्या पेशींच्या थरातले कॅन्सरपूर्वीचे बदल, आणि पुढे १, २ किंवा ३ असं येतं. थराच्या किती जाडीत बदल पोचलाय त्याचा तो आकडा, कॅन्सरची स्टेज नव्हे. ‘मला तिसऱ्या स्टेजचा झालाय’ म्हणत रडत आलेल्या बाईंना सीआयएन ३ होतं. त्यांना कॅन्सर नव्हताच.

सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप जातं. उपचार लागत नाही, एका वर्षाने टेस्ट पुरते. सीआयएन २ मधली जागा आहे. लक्ष ठेवून थांबलं तर दोन वर्षांत सुमारे निम्म्या जणींत ते मावळतं. म्हणून ज्यांना पुढे मूल हवं आहे अशा तरुण स्त्रिया, दर सहा महिन्यांनी नक्की येणार असतील, तर थांबू शकतात. नाहीतर उपचार बरा.

सीआयएन ३ वर थांबायचं नाही. न्यूझीलंडमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत काही स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं गेलं. त्या प्रकारावर पुढे सरकारी चौकशी बसली. तीस वर्षांत त्यांच्यापैकी जवळजवळ ३० टक्के जणींना कॅन्सर झाला, आणि नीट उपचार झालेल्यांत एक टक्क्याहून कमी जणींना. या विषयात इतका ठळक फरक मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि पॅपमध्ये एचएसआयएल, पण बायॉप्सीत काहीच नाही किंवा सीआयएन १? इथे आनंदाने फाइल बंद करू नका. तुकडा डागाच्या शेजारून घेतला गेला असू शकतो. दोन्ही स्लाइड पुन्हा बघायला सांगता येतं. मग मोठा तुकडा काढायचा, की वर्षभराने एचपीव्ही टेस्ट आणि कॉल्पोस्कोपी पुन्हा करायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

उपचार

दोन मार्ग आहेत: डाग जागीच नष्ट करणं किंवा कापून काढणं. नष्ट करण्यात क्रायो, म्हणजे अतिथंड वायूने गोठवणं, किंवा तापवलेल्या टोकाने शेकणं येतं. काही मिनिटांत होतं, भूल सहसा लागत नाही. पण डाग पूर्ण दिसत असेल, नळीत शिरलेला नसेल आणि कॅन्सरची शंका नसेल तरच. नष्ट केल्यावर तपासायला काही उरत नाही. कापण्यात ‘लीप’ सर्वांत जास्त होतं: जागा बधिर करून विजेच्या तारेच्या कडीने तो भाग उचलतात. एआयएस असेल किंवा आत खोलवर शंका असेल तर शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा काढतात. तो काय आहे आणि त्याच्या कडा स्वच्छ आहेत का, हे आम्ही तपासतो. हा रिपोर्टही आठवणीने न्या.

नंतर दोन ते चार आठवडे पाणी जातं, कधी रक्तमिश्रित. महिनाभर संबंध ठेवू नका, योनीत काहीही घालू नका. लीपने गर्भधारणा बंद होत नाही. तुकडा खोल असेल तर पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी कळा येण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे सांगायचं.

‘कटकट नको, पिशवीच काढून टाका’ हे मी डॉक्टरांच्या तोंडून कमी आणि घरच्यांच्या तोंडून जास्त ऐकलं आहे. सीआयएनचा पहिला इलाज पिशवी काढणं हा नाही. त्यात धोकाही आहे: आत न सापडलेला कॅन्सर असेल आणि साधं ऑपरेशन होऊन बसलं, तर नंतरचा योग्य उपचार अवघड होतो. कॅन्सरच निघाला, तर स्त्रीरोग-कर्करोग तज्ज्ञांकडे जायचं आणि स्टेज ठरल्याशिवाय कुठलंही ऑपरेशन ठरवायचं नाही.

उपचारानंतरची तारीखवही

इथे सर्वांत जास्त जणी गळतात, कारण आता बरं वाटत असतं. सीआयएन २ किंवा ३ वर उपचार झाले की सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट, मग वर्षाला एक अशी तीनदा निगेटिव्ह येईपर्यंत, मग दर तीन वर्षांनी, निदान २५ वर्षं. काही ठिकाणी पहिली टेस्ट बारा महिन्यांनी ठेवतात. पंचवीस हा आकडा चुकून छापलेला नाही; या बायकांना पुन्हा बदल होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच काळ जास्त राहतो. धूम्रपान करत असाल तर सोडा, विषाणू टिकून राहायला त्याची मदत होते. विषाणूवर स्वतंत्र गोळी नाही. त्या नावाने काही विकत असतील तर पैसे वाचवा.

६५ नंतर तपासणी थांबवता येते, पण अटी आहेत: गेल्या दहा वर्षांत दोन एचपीव्ही किंवा लागोपाठ तीन पॅप निगेटिव्ह, त्यातली शेवटची अलीकडची, आणि मागच्या २५ वर्षांत सीआयएन २ किंवा ३ नाही. कधीच टेस्ट न झालेल्या ६८ वर्षांच्या आजींना ‘आता कशाला’ म्हणू नका. पिशवी काढलेली असेल तर तोंडासकट काढली की तोंड ठेवून, हे डिस्चार्ज कार्डावर बघा. तोंड राहिलं असेल तर तपासणी चालूच. तोंडही गेलं असेल आणि पूर्वी गंभीर बदल नसतील, तर थांबवता येते.

प्रत्येक टेस्टच्या फॉर्मवर ‘पूर्वीचा इतिहास’ नावाची एक ओळ असते. दहापैकी आठ फॉर्मांवर ती कोरी येते. तिथे ‘पूर्वी एचएसआयएल, लीप केलेलं’ एवढं आणि साल, तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलं तरी चालतं. खणातल्या त्या पाकिटाच्या बाई आता दर खेपेला लिहितात, मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून. तो फॉर्म समोर असला की मी ती स्लाइड एकदा वरून खाली बघते आणि एकदा आडवी, डावीकडून उजवीकडे.